आधी मेलेला वाफा

आमच्या फेरीत पहिल्यांदा आलेली बाई हमखास एक चूक करते. मळ्यातला सगळ्यात हिरवा कोपरा असतो ना, तिथे पाहुण्यांना नेऊन उभं करते आणि वांग्यांवरून हात फिरवत बसते. मग कुणीतरी सांगतं की बाय, हे राहू दे, आधी मेलेला वाफा दाखव. की तिचं तोंड उतरलं. तिला वाटतं, या बाया माझी फजिती बघायला आल्यात. परवा शीळच्या शकूने रडायचंच बाकी ठेवलेलं. तिला बाजूला घेऊन जे सांगितलं तेच आता सगळ्यांना सांगून टाकते, म्हणजे प्रत्येकीपुढे वेगळं दळण नको. मला आता तेवढा दम नाही, आणि चिडायला मला वेळ लागत नाही हे ठाणे ते कल्याण सगळ्यांना ठाऊक आहे.

फेरी म्हणजे मोठं काही नाही. चार-आठ घरांनी मिळून केलेले सामाईक मळे आता खाडीच्या दोन्ही अंगांना बरेच आहेत. दर अमावस्येला आम्ही त्यातल्या एका मळ्यात जमतो. ज्यांचा मळा ते भाकरी घालतात, बाकीचे डोकं चालवतात. कुणी बी आणतं, कुणी नुसतीच अक्कल आणतं. पण हे असं आधी नव्हतं. आधी भाजीवाली बाई जळून गेली असती पण आपल्या मुळ्याचं मर्म शेजारणीला सांगितलं नसतं.

डोंबिवलीला आगगाडी थांबायला लागली त्याच्या आगेमागेची गोष्ट. आमचा पाडा गावाच्या खाली, अगदी खाडीला लागून. आम्ही आगरी, मीठ पिकवणारी माणसं. आज्या-पणज्यापासून तेच. आमचं आगर होतं लहानसं, आणि ते एका वर्षी बंद झालं. का झालं, कुणाच्या कागदावर काय लिहिलं गेलं, आम्हाला कुणी विचारायला आलं नाही. कुलूप लागलं आणि आम्ही खाडीकडे बघत बसलो.

मग पाडा फुटायला लागला. एकेक घर मुंबईला. माझा नवरा गेला गोदीत. पाऊस संपला की येतो म्हणाला. पाऊस संपला तेव्हा त्याची घोंगडी आली, आणि ती आणणाऱ्या माणसाला तो कशाने गेला तेही धड सांगता येईना. त्यानंतर कुणी मुंबईचं नाव काढलं की मी उठून आत जायचे. आणि माझ्या पदरात एकच पोर होता, राघो. मिसरूड फुटलेला, अंगाने बापासारखा, आणि गोदीला असेच पोर लागतात.

तेव्हा माझे मोठे दीर गोविंदा भावजी पुढे आले. आगरात ते मुकादम होते. मिठाच्या आगराचं सगळं काम तळावर असतं. चिखल पायांनी मळायचा, चोपायचा, फळीने सारखा करायचा, तो असा की वर सोडलेलं पाणी खाली झिरपता कामा नये आणि इथे जास्त तिथे कमी होता कामा नये. तसं झालं तरच उन्हाने पाणी उडतं आणि मीठ धरतं. भावजींच्या पायाला डोळे आहेत असं लोक म्हणायचे. नुसते चालून सांगत, इथे बोटभर उंच आहे. त्यांनी तळ केला की पुढे कुणी बोलायचं नाही.

पाड्याच्या वरच्या अंगाला गोड्या विहिरीजवळ गावकीची जमीन पडून होती. भावजी म्हणाले, राहिलेल्या सगळ्या घरांनी मिळून तिथे भाजी करू. वाटून नाही, एकत्र. सगळ्यांचे हात, सगळ्यांची भाजी, कल्याणला विकू. लोकांच्या जिवात जीव आल्यासारखं झालं. माझ्यासमोर राघोने काकाला कबूल केलं की शिमग्यापर्यंत मी कुठे जात नाही, मळा उगवला तर इथेच राहीन. मी त्या दिवशी खंडोबाला नारळ बोलले.

आता ऐका आम्ही काय केलं. भात कापून झालं होतं. आम्ही माती खणली, तिच्यावर पाणी सोडलं, आणि सगळी बायामाणसं कंबरेला पदर खोचून वाफ्यात उतरलो आणि ती माती तुडवली. मनापासून तुडवली. राघो सगळ्यात जोरात. मग चोपली, फळी फिरवली. भावजी त्यावरून चालले, दोन ठिकाणी परत फिरवायला लावली. वाफे असे झाले की त्यावर भात सांडला असता तर वेचून खाल्ला असता. बी टाकलं, वरून माती भुरभुरली, आणि विहिरीचं पाणी काठोकाठ भरून ठेवलं. पाणी वाफ्यात उभं राहिलं, एक थेंब खाली जाईना. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. अहो, आम्हाला दुसरं काही येतच नव्हतं ना.

ऊन चांगलं होतं. पाणी उडालं. आम्ही पुन्हा भरलं. माठाची भाजी वर आली ती पिवळी पडली आणि आडवी झाली. वांग्याची रोपं कडेने करपली. एक दिवस सकाळी राघो वाफ्याच्या कडेला बसलेला, बोट मातीवर फिरवून जिभेला लावलं आणि म्हणाला, "आये, मीठ धरलंय." आणि खरंच, सगळ्या वाफ्यांवर पांढरी साय आलेली. आगर बंद झालं तरी आमच्या हातून मीठच पिकलं.

पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. कुणी म्हणे विहिरीत खाडी शिरली, कुणी म्हणे नजर लागली. भावजी म्हणाले, पाणी कमी पडतंय, जास्त भरा. भरलं. मीठ अजून आलं. विहिरीच्या काठाला पाणी काढताना जिथे सांडतं तिथे एक वाफा कुणी तुडवायचा राहून गेला होता, तेवढा एक हिरवा होता. तो का हिरवा हेही आम्ही विचारलं नाही. भावजी म्हणाले, विहिरीची कृपा.

आणि राघो एका रात्री जेवता जेवता बोलला की शिमग्याची वाट कशाला बघायची, जे दिसायचं ते दिसलं. पुढल्या एक-दोन अमावस्या बघतो आणि जातो. भाकरी तव्यावर जळली तरी मला कळलं नाही.

तशी मी कल्याणच्या बाजारात गेलेले, सुकट घेऊन. डोकं आधीच फिरलेलं. माझ्या शेजारी एक किरिस्तांव बाई येऊन बसली, लाल चौकड्यांचं लुगडं, अंगावर सोनं, आणि पाटीत मुळे असे पांढरे आणि जाड की बघतच राहावं. बाळकुमची क्लेमेंटिना. ती तिच्या भाजीवर पाणी मारत होती आणि ते पाणी घरंगळून माझ्या सुकटीखाली. सुकटीला पाणी लागलं म्हणजे संपलंच की ते. मी जे तोंड सोडलं, बाजार गोळा झाला. तिने माझी सुकट उचलून कोरड्या जागी ठेवली, एक शब्द उलट बोलली नाही, आणि त्यामुळे मला आणखीनच राग आला. मी म्हटलं, गोड्या मातीत मुळे काढून मिरवायला काय जातं, एवढी मोठी माळीण असशील तर ये आमच्या पाड्यावर आणि खाऱ्या मातीत उगवून दाखव.

तिने हातातला मुळा खाली ठेवला आणि मला विचारलं, "कधी येऊ?"

आता हे काही भांडणात बोलायचं असतं का? पलीकडे शहाडची हौसाबाई बसायची, उल्हास नदीच्या वाळूत काकड्या आणि कलिंगडं लावणाऱ्या बायांपैकी. ती गालात पान धरून हसत होती. म्हणाली, ही जाणार असेल तर मी पण येते, मला कुणी आजवर भाजी बघायला बोलावलं नाही. दिवस ठरला अमावस्येचा. अमावस्येला आमच्यात मातीला हत्यार लावत नाहीत, त्यामुळे सगळे मोकळे. शिवाय त्या दिवशी उधाणाची भरती असते, बाळकुमची होडी सकाळी पाण्याबरोबर वर येते आणि ओहोटीला परत जाते.

घरी येऊन सांगितलं तर भावजी असे चिडले की त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. परक्या गावच्या बायांना आपली फजिती दाखवायला बोलावलं हे त्यांना झोंबलं. गोविंदा मुकादमाचा मळा मेला ही बातमी आता बाजारात मुळ्याबरोबर विकली जाणार, असं ते दारात बसून लोकांना सांगत होते, मला ऐकू जाईल अशा बेताने. पण आमंत्रण दिलेलं, मागे कसं घ्यायचं? अमावस्येच्या आदल्या दिवशी त्यांनी माणसं घेतली आणि सगळ्या मेलेल्या वाफ्यांवर भाताचा पेंढा पसरला, जाड. विचारलं तर सांगायचं की पेंढा वाळत घातलाय. हिरवा तेवढा विहिरीजवळचा वाफा दाखवायचा, भाकरी घालायची, आणि पाहुण्यांना होडीत बसवायचं.

आणि त्या अमावस्येला कुणी आलंच नाही. बाळकुमला नाताळाची धामधूम होती, निरोप आला की पुढल्या अमावस्येला येतो. भावजींना बरं वाटलं. पेंढा तसाच राहिला. त्या वाफ्यांना मेले म्हणून कुणी पाणी घालत नव्हतं, आणि झाकलेल्या लाजेकडे बघायला कोण जातं?

पुढल्या अमावस्येला मात्र क्लेमेंटिना आली. तिचा नवरा पायस होडी घेऊन आला, आणखी दोन बाया होत्या, आणि हौसाबाई शहाडहून बैलगाडीने. राघोचं त्या दिवशी गाठोडं बांधून झालेलं होतं, दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघायचं ठरलेलं. मी पाहुण्यांना पाणी दिलं ते कुणाला दिलं आणि कुणाला नाही, मला आठवत नाही.

भावजी पुढे झाले, पागोटं बांधून. विहिरीजवळचा वाफा दाखवला. तो खरंच चांगला होता. हौसाबाईने मान डोलावली. क्लेमेंटिनाने मात्र त्याच्याकडे बघितलं आणि तिची नजर पलीकडे गेली, पेंढ्याकडे. भावजींनी वाळवणाचं सांगितलं. ती बरं म्हणाली, आणि चालता चालता खाली वाकली. माळणीची खोड आहे ती, चुलीवरच्या भांड्यावरचं झाकण जसं बाई उचलून बघते तशी. तिने हात पेंढ्याखाली घातला. हात तसाच राहिला. मग तिने पेंढा बाजूला केला.

खाली माती ओलसर होती. महिनाभर पाणी न घातलेली माती, वर इतकं ऊन, आणि ओलसर. पांढरी साय जवळजवळ गेलेली. आणि आम्ही मेलं म्हणून सोडलेलं बी, माठाचं, कुठे कुठे वर आलेलं, फिकट पोपटी, वाकडं, पण जिवंत. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. कुणाला काही समजेना.

क्लेमेंटिना उठली आणि तिचा चेहरा बदललेला. ती थेट भावजींना म्हणाली, "बाबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्याकडे खाऱ्या जागेवर असं झाकण घालतात. पण ते सासू सुनेला सांगते. बाहेर कुणाला माहीत नाही."

बघा आता. पाड्यातलं प्रत्येक माणूस तिथे उभं होतं आणि प्रत्येकाला ठाऊक होतं की पेंढा का घातला. भावजींनी नुसतं मिशीवर हात फिरवून म्हणायचं होतं की आमचंही बापजाद्यांपासून आहे. तिने मानलं असतं. मान राहिला असता, उलट वाढला असता. मीही मनात म्हटलं, म्हणून टाका, कशाला उगाच. पण मग ती बाई पाहुणचार घेऊन परत गेली असती, आणि पेंढ्याखालची ती चार काडं सोडून बाकीचं का मेलं हे आम्हाला कधी कळलं नसतं. राघो गाठोडं उचलून गाडीत बसला असता. हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी नुसती भावजींच्या तोंडाकडे बघत होते.

मग त्यांनी पागोटं काढलं, काखेत धरलं.

"बाय, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. लाज झाकायला टाकला पेंढा. याच्याखाली सगळं मेलेलं आहे, आणि का मेलं ते मला कळत नाही."

या माणसाला मला कळत नाही असं म्हणताना मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. राघो काकाकडे असा बघत होता की जणू आज पहिल्यांदा बघतोय.

क्लेमेंटिना पण वेगळीच बाई. ती हसली नाही, की अरेरे केलं नाही. ती तिथेच वाफ्यात बसली आणि तिने मातीत बोट खुपसलं. दोन पेरं गेलं आणि थांबलं. तिने दुसरीकडे खुपसलं, तिथेही तेच. तिने विचारलं, खाली फरशी आहे का? भावजी म्हणाले, फरशी कसली, आम्ही तुडवलीय. किती तुडवली? तर भावजींनी सांगितलं, अगदी बारकाव्याने, मळलं कसं, चोपलं कसं, फळी कशी, थेंब झिरपत नाही याची खात्री कशी केली. आणि सांगता सांगता त्यांचा आवाज हळू होत गेला. अर्ध्यातच त्यांना कळलं. सगळ्यांनाच कळलं.

हौसाबाईला मात्र राहवलं नाही. ती म्हणाली, अगं बया, यांनी भाजीचं मिठागर केलं की गो. आणि ती हसायला लागली ती पोट धरून. आधी आम्हाला वाईट वाटलं, मग मला हसू आलं, मग माझ्या जावेला, आणि मग भावजीसुद्धा हसले, डोळे पुसत. हसायचे होते की रडायचे होते देव जाणे.

क्लेमेंटिना सांगू लागली की माती मोकळी हवी, पाणी उभं राहू द्यायचं नाही, खाली निघून जाऊ द्यायचं, म्हणजे मीठ त्याच्याबरोबर खाली जातं. उंच वरंबे करायचे, मध्ये चर, आणि वर पेंढा. ती म्हणाली, मी आहे तोवर एक वाफा फोडू, म्हणजे हाताखालून जाईल. पण कुदळीला कुणी हात लावेना. अमावस्या ना. कुदळ मातीला लावायची नाही. भावजी म्हणाले, उद्या करू. पण उद्या ती नसणार, आणि उद्या राघो नसणार.

तिला नेम समजावून सांगितला. ती किरिस्तांव असली तरी तिने ऐकून घेतलं, वाद घातला नाही. मग तिने विचारलं की हत्यार नको, पण हात चालतात का? भावजी विचारात पडले. हाताचं कुणी कधी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, हाताला कुणी ना म्हटलेलं नाही.

सगळ्यात आधी राघो बसला. गुडघे टेकून. सगळ्यात जोरात तुडवणारा तोच होता. त्याने नखं घातली आणि ढेकूळ उपटून काढलं. मग मी, मग जाऊ, मग सगळा पाडा, हौसाबाई, बाळकुमच्या बाया, पायस, सगळे. पाणी मारायचं, भिजू द्यायचं, बोटांनी फोडायचं. दुपार होईपर्यंत बोटांची सालं निघाली, पण दोन वरंबे उभे राहिले आणि क्लेमेंटिनाने ते कसे उतरते करायचे ते राघोच्या हातावर हात ठेवून दाखवलं. मी बघत होते. पोर मान खाली घालून शिकत होता.

ओहोटी लागायच्या आधी भाकरी खाताना क्लेमेंटिना जरा घुटमळली. मग म्हणाली, बाबा, तुम्ही दाखवलं तर मी पण सांगते. तिच्या वाडीतल्या केळी दोन वर्षं खालून जळत होत्या. बांधात पाणी सोडायची जी उघाडी असते, लाकडी झडपेची, तिच्यातून भरतीचं पाणी आत येत होतं. तिच्या माणसांनी बुजवून बघितलं, जमलं नाही. आणि तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बाजारात मुळे वर रचायचे आणि केळींचं नाव काढायचं नाही. पायसने तिच्याकडे चमकून बघितलं, त्याला वाटलं नव्हतं ती बोलेल. भावजींनी भाकरी खाली ठेवली आणि विचारलं, झडपेचं तोंड कुणीकडे आहे? मग ते दोघं आणि पायस जे बोलायला लागले, होडीला उशीर झाला.

जाताना हौसाबाईनेच सांगून टाकलं की पुढली अमावस्या माझ्याकडे, आणि येऊन आधी माझी सडलेली कलिंगडं बघायची, चांगली मी खायला घालीनच. तिथून हा नेम पडला.

दुसऱ्या दिवशी आगगाडी आली आणि गेली. राघो कुदळ घेऊन मळ्यात होता. गाठोडं मी स्वतः सोडलं आणि त्याचं धोतर धुवायला टाकलं.

शिमग्याला आमच्या मळ्यात माठ होता, मुळा होता, चवळी चढत होती. सगळे वाफे नाही सुधारले. खालच्या अंगाचे तसेच राहिले, आणि तिथे आम्ही पुढे दुसरं काही केलं, ते कधीतरी सांगेन. पण कल्याणच्या बाजारात मी सुकटीबरोबर माठाच्या जुड्या मांडल्या आणि क्लेमेंटिना माझ्या शेजारी बसली. तिने त्यातली एक जुडी उचलून उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाली, देठ अजून जाड आहे, पाणी जास्त होतंय. मी तिला म्हटलं, तुझ्या मुळ्याकडे बघ आधी. आम्ही अजून अशाच बोलतो.

होळी झाल्यावरची अमावस्या बाळकुमची होती. आम्ही पहाटेच्या ओहोटीला होडी सोडली, पाड्यातलं जवळजवळ प्रत्येक घर होतं. तिथे पोचल्यावर क्लेमेंटिनाने आम्हाला चहा-पाण्याआधी केळींच्या खालच्या अंगाला नेलं. भावजी आणि राघो उघाडीत उतरले, चिखलात कंबरेएवढे. बराच वेळ त्यांची डोकीच तेवढी दिसत होती. भावजी वर आले ते म्हणाले की झडप ठीक आहे, बांधच पोकळ आहे. नुसती माती टाकलीय, तिला पाय लागलेले नाहीत. ही माती तुडवायला हवी, थर देऊन, चोपून, पाऊस यायच्या आत. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुललेला, आगर बंद झाल्यापासून मी तो बघितला नव्हता. आमच्या पायांना पुन्हा काम निघालं होतं.

पण भावजींचे गुडघे गेलेले. तिथल्या माणसांना तुडवणं ठाऊक नाही, कुणीतरी शिकवायला हवं. आमच्यात तसा राघोच होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सगळ्यांकडे बघितलं. राघो चिखलातून वर आला, पाय पुसले, आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आये, पावसापर्यंत राहतो इथे. यांना शिकवतो. राहू का?"

अहो, अख्खा हिवाळा मी ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले, ते हेच होतं. माझ्या पोराने घर सोडून जाऊ नये. मुंबईला जाऊ नको म्हणून सांगायला माझ्याकडे शंभर गोष्टी होत्या, सगळ्या पाठ. बाळकुमला राहू नको म्हणून सांगायला एक सापडेना. मला राग आला. मी म्हटलं, इथे उपास करावे लागतील, इथलं जेवण तुला मानवणार नाही, मच्छर आहेत. क्लेमेंटिना म्हणाली, आवडाबाई, माझ्या घरात जेवेल, माझ्या पोरांबरोबर. मी म्हटलं, तू मध्ये बोलू नकोस. राघो तसाच उभा होता, विचारून. बापाने मला विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं होतं.

मी म्हटलं, "राहा."

दिवस कलला तशी भरती लागली. पायस आम्हाला सोडायला आला नाही, आमची माणसं आमची होडी हाकत होती. राघो काठावर होता, त्याच्याभोवती बाळकुमचे पोर, आणि तो त्यांना पाय कसा टाकायचा ते दाखवत होता, टाच आधी. होडी वळेपर्यंत त्याने वर बघितलंही नाही, इतका तो त्यात होता.

नवऱ्याला गाडीत बसवलं तेव्हा मी रडले नव्हते. लोक होते ना टेशनावर, लोकांत कसं रडायचं. ते रडू मी घरी आणलं, आणि ते घरीही आलं नाही, इतके दिवस. त्या दिवशी होडीत सगळा पाडा बसलेला, दीर, जावा, पोरं, आणि मी पदर न घेता, तोंड न झाकता ढसाढसा रडले, पार आमचा किनारा येईपर्यंत. आणि कुणीही मला गप्प राहा म्हणालं नाही.